निखारा, झाकण आणि धीर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. सवय आहे ती चुलीपुढे बसण्याची. तेव्हा तिथलेच दोन शब्द सांगते. ज्यांच्या घरी मटण शिजत नाही, त्यांनीही शेवटपर्यंत ऐकावे.

आपल्या नवलाख उंबऱ्यात आषाढ म्हणजे धो धो पाऊस आणि श्रावणाआधीचा आखाड. दोन वर्षांमागे आखाडाला माझ्या भाच्याने झाकणाची गोल कोळशाची शेगडी आणली. अमेरिकेत १९५२ साली जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणारा धातूचा बोया मधोमध कापून अशी पहिली शेगडी केली. मला नवल वाटले नाही. घाटाखाली रायगडात मडक्याची पोपटी लावतात, तिचेही मर्म हेच : कोंडलेली ऊब.

बोकडाची अख्खी मांडी होती, दोन किलोंची. मी घाईने भरपूर कोळसे पेटवले आणि मटण थेट वर ठेवले. वरून कोळसा झाला, आत हाडाशी रक्त! सासूबाई म्हणाल्या, "अगं, जाळ वाढवून वेळ वाचत नाही, मटण तेवढं वाया जातं."

त्यांचे खरे होते. मांसातले चिवट धागे मंद आचेवर, तासन् तास, हळूहळू विरघळतात. म्हणून निखारे दोन्ही कडांना सारावेत, मध्ये पाण्याचे भांडे ठेवावे आणि त्यावर जाळीवर मांडी. झाकणाचे भोक उघडे असावे. आच कमी-जास्त करायची ती खालच्या भोकाने. तीन तास तरी द्यावेत. झाकण सारखे उघडले, तर ऊब जाते आणि वेळ लांबतो.

आता मुख्य गोष्ट. त्याच दिवशी पावसाची झड आली, म्हणून मी आणि जाऊबाईंनी शेगडी स्वयंपाकघरात घेतली आणि दार लावले. धूर नव्हता, म्हणून भीती वाटली नाही. थोड्या वेळाने माझे डोके ठणकू लागले. जाऊबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. सासूबाईंनी दार उघडून आम्हाला ओढत पडवीत आणले, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्याला तर जागही येत नाही. निखारे विझत आले तरी तो निघतच असतो. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शेगडी अंगणात ठेवावी; पाऊस असेल तर चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली, घराच्या दार-खिडक्यांपासून दूर. कोणाचे डोके जड झाले तर आधी त्याला उघड्यावर न्यावे, मग लगेच दवाखान्यात.

भगिनींनो, मटणाला कोंडलेली ऊब लागते. माणसाला मोकळी हवा.