गुन्ह्यांचे आकडे आणि आपली गल्ली

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या इंदूर शहरातील एका वर्तमानपत्राने पोलीस ठाण्यांचे एक कोष्टक छापले. डाव्या बाजूस ठाण्यांची नावे, उजव्या बाजूस वर्षभरात नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या, आणि माथ्यावर ठळक अक्षरांत प्रश्न : तुमचा मोहल्ला किती सुरक्षित? आमची शाळा ज्या ठाण्याच्या हद्दीत येते, ते ठाणे त्या कोष्टकात पहिले होते. आमच्या भागाला कोणत्याही बाबतीत पहिला क्रमांक मिळण्याची सवय नाही, त्यामुळे ही बातमी दुपारपर्यंत घरोघरी पोचली.

त्या दिवसांत दहावीच्या मुलींसाठी मी सायंकाळी साडेपाच ते सात असा एक जादा वर्ग घेत असे. २२ मुली येत असत. कोष्टक छापून आल्यावर आठ दिवसांत ९ उरल्या. एका मुलीचे वडील कात्रण खिशात घालून मला भेटावयास आले. गृहस्थ बोलण्यात अतिशय मृदू.

"सर, आपल्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे," ते म्हणाले, "पण हे असे छापून आले आहे. उद्या काही बरेवाईट झाले, तर घरी मी काय उत्तर देऊ?"

मी विचारले, "या रस्त्याने आपण किती वर्षे येता-जाता?"

"जन्मापासून."

"कधी काही झाले?"

ते क्षणभर थांबले. "मला नाही झाले. पण आकडा तर आहे ना, सर."

त्यांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. त्याच आठवड्यात मीही शाळेतून घरी जाताना नेहमीची गल्ली सोडून मोठ्या रस्त्याने जाऊ लागलो होतो. गल्ली तीच होती. कोपऱ्यावरचे किराणा दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असे, समोरच्या ओट्यावर म्हातारे बसत, आणि दिवा पूर्वी लागत होता तसाच लागत होता. पालटले होते ते माझे पाहणे. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज मला त्या आठवड्यात प्रथमच ऐकू येऊ लागला.

मी मराठीबरोबर खालच्या वर्गांना गणितही शिकवतो. म्हणून थोड्या दिवसांनी मन शांत झाल्यावर मी स्वतःला तोच प्रश्न घातला, जो मुलांना घालतो : हा आकडा कशाचा आहे? आपण म्हणतो, गुन्ह्यांचा. वस्तुतः तो नोंदींचा असतो. गुन्हा घडणे आणि तो कागदावर उतरणे यांमध्ये बरेच अंतर आहे, आणि ते अंतर प्रत्येक ठाण्यात सारखे नसते.

समजा, भरबाजारात कोणाचा मोबाइल गेला. पहिला प्रश्न, तो मनुष्य ठाण्यात जाईल काय? पुष्कळजण जात नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडवून तीन तास बाकावर बसणे परवडते कोणाला? दुसरा प्रश्न, तेथील मुन्शी काय लिहून घेईल? "चोरीला गेला" असे लिहिले तर गुन्हा नोंदवावा लागतो, तपास करावा लागतो, आणि तपास न लागल्यास वरिष्ठांना जाब द्यावा लागतो. "गहाळ झाला" असे लिहिले की सर्वांचीच सुटका. माझ्या एका सहकाऱ्याचा मोबाइल शर्टाच्या खिशातून काढून घेतला गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ठाण्यात त्याची नोंद "गहाळ" अशी झाली. मोबाइल आपल्या पायांनी निघून गेला, एवढेच लिहावयाचे राहिले होते.

आमच्या भागातील ठाण्याची हकीकत मला पुढे कळली. त्या वर्षी तेथे बदलून आलेले ठाणेदार आलेली प्रत्येक तक्रार रीतसर लिहून घेत. सायकल गेली, लिहा. गॅसची टाकी गेली, लिहा. नवऱ्याने मारले म्हणून बाई रडत आली, तिला परत न पाठवता तिचीही फिर्याद लिहा. लोकांना हे कळताच पूर्वी कधी ठाण्याची पायरी न चढलेले लोक येऊ लागले. आकडा वाढला तो या मार्गाने. ज्या वर्षी आमच्या भागात तक्रार ऐकून घेणारे कोणी मिळाले, त्याच वर्षी आमचा भाग शहरातील सर्वांत वाईट ठरला.

हे आमच्याच गल्लीचे वैशिष्ट्य नाही. दिल्लीत २०१३ साली भारतीय दंडविधानाखाली नोंदलेले गुन्हे सुमारे ८० हजार होते. २०१४ साली तीच संख्या दीड लाखाच्या घरात गेली. एका वर्षात राजधानीतील माणसे दुप्पट दुष्ट झाली, असे कोणी म्हणेल काय? नोंदणी मोकळी झाली, हेच कारण तेथील पोलिसांनीही दिले. त्याआधी, १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ललिता कुमारी खटल्यात निर्णय दिला होता, की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास प्रथम खबरी अहवाल नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. स्त्रियांवरील अत्याचारांचे पाहा. देशात बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ साली २४,९२३ होते, २०१३ साली ३३,७०७ झाले. मधल्या काळात दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या त्या घटनेने सारा देश ढवळून निघाला होता, आणि कायद्यातील व्याख्याही विस्तृत झाली होती. कित्येक स्त्रियांनी तोंड उघडण्याचे धैर्य केले. त्या वाढीत भीतीचा भाग किती आणि धैर्याचा किती, हे नुसती संख्या सांगत नाही.

आता शहरांची तुलना. केंद्र सरकारचा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग १९८६ साली स्थापन झाला. देशभरातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल मात्र १९५३ पासून निघत आला आहे. २०२२ च्या अहवालात दर लाख लोकसंख्येमागे दखलपात्र गुन्ह्यांचे प्रमाण कोलकात्यात ८६.५, पुण्यात २८०.७ आणि हैदराबादेत २९९.२ असे दिले होते. लगेच मथळे झळकले, की कोलकाता हे देशातील सर्वांत सुरक्षित महानगर. आमचे इंदूर त्या यादीत कोलकात्याच्या कितीतरी वर असते, आणि त्यावरून लग्नकार्यातसुद्धा आम्हांला टोमणे ऐकावे लागतात.

पण अपूर्णांकाला छेदही असतो, हे आपण पाचवीत शिकतो आणि पुढे विसरतो. महानगरांसाठी हा छेद २०११ च्या जनगणनेचा धरलेला होता, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्या जनगणनेत आसपासच्या वस्त्यांसह इंदूरची लोकसंख्या सुमारे २१.७ लाख होती. ज्याने गेल्या दहा-बारा वर्षांत बायपासच्या बाजूची शेते नाहीशी होताना पाहिली आहेत, त्याला ही संख्या किती जुनी झाली हे सांगावयास नको. झपाट्याने वाढणाऱ्या शहराचा छेद लहान राहिला, म्हणजे त्याचे प्रमाण फुगते. संथ वाढणाऱ्या शहराचे तितके फुगत नाही.

शहराच्या आतही हीच फसगत होते. आमचा सराफा घ्या. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री खाण्यापिण्याची जत्रा. तेथे राहणारी कुटुंबे मोजकी, परंतु रात्री गरमागरम भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाण्यासाठी सारे शहर लोटते. तेथे कापला गेलेला खिसा पलासियाच्या माणसाचा असतो, किंवा उज्जैनहून आलेल्या पाहुण्याचा. नोंद मात्र त्या ठाण्याच्या नावावर होते. म्हणून गर्दीची जागा वाचणाऱ्याला धोक्याची वस्ती वाटते. उलट जेथे सायंकाळी सातनंतर चिटपाखरू नसते, अशा नव्या वसाहतीचा आकडा निर्मळ दिसतो. एकट्या मुलीने तेथून चालत जाणे मला अधिक काळजीचे वाटते.

मग हे आकडे फेकून द्यावे काय? असे मी म्हणणार नाही. काही आकडे इतरांपेक्षा खरे बोलतात. खून सहसा "गहाळ" म्हणून लिहिता येत नाही. मोटारगाडीची चोरी बहुधा नोंदली जाते, कारण विम्याचा दावा करावयाचा तर पोलिसांचा कागद लागतोच. खुद्द राष्ट्रीय विभागानेही आपल्या अहवालात बजावले आहे, की गुन्हे वाढणे आणि नोंदणी वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. केरळ हे राज्य दर लाखामागील गुन्ह्यांत वर्षानुवर्षे वरच्या स्थानी दिसते आणि बिहार बरेच खाली, याचा उलगडा त्या एका वाक्याने होतो. दुर्दैव एवढेच, की ते वाक्य कोष्टकाच्या खाली छापले जात नाही. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकापासून, आणि इंग्लंडात १९८२ पासून, घरोघर जाऊन "तुमच्यावर गेल्या वर्षात काही प्रसंग आला काय?" असे विचारण्याची नियमित पद्धत आहे. आपल्याकडे काही संस्थांनी निवडक शहरांत असा प्रयत्न केला आहे. देशभर आणि दरवर्षी असे तो अद्याप होत नाही. ठाण्याच्या वहीला दुसरा साक्षीदारच नाही.

आणि साक्षीदार नसलेल्या त्या वहीवर लोकांचे संसार हलतात. आमच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने देऊन गुजारा करणारी एक विधवा बाई आहे. कोष्टकानंतर तिचे भाडेकरू निघून गेले, आणि नवे आले ते भाडे पाडून. सायंकाळी मुली दिसेनाशा झाल्या तसे आया दारात उभ्या राहिनाशा झाल्या. किराणा दुकानदार साडेसातलाच फळ्या लावू लागला. छापलेल्या आकड्याने जी गल्ली भयाण ठरवली, ती दोन महिन्यांत खरोखरच भयाण दिसू लागली. माझ्या २२ मुलींपैकी ज्या १३ घरी बसल्या, त्यांतील दोघींचे गणित राहिले. त्यांतली एक त्या मृदू बोलणाऱ्या गृहस्थांची मुलगी होती.

ते ठाणेदार पुढच्याच बदल्यांत दुसरीकडे गेले. गेल्या वर्षी त्याच वर्तमानपत्राने तसेच कोष्टक पुन्हा छापले. त्यात आमचे ठाणे सातव्या क्रमांकावर होते. पालक समाधान पावले, दुकान पुन्हा नऊपर्यंत उघडे राहू लागले, आणि माझ्या सायंकाळच्या वर्गात आज १९ मुली आहेत. त्याच दिवाळीत आमच्या शेजारणीच्या गळ्यातील साखळी दोन मोटारसायकलवाल्यांनी भरदिवसा ओढून नेली. मी तिच्याबरोबर ठाण्यात गेलो होतो. मुन्शीने आम्हांला बसावयास खुर्च्या दिल्या, चहा विचारला, आणि एका कोऱ्या कागदावर अर्ज लिहून घेतला.