शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे एक शीत चेपून कळते. गणितात मात्र ही परीक्षा दगा देते. कशी, ते एका मोठ्या संख्येच्या गोष्टीवरून पाहू.

२ घ्या. तिला तिनेच गुणा, ४ झाले. ४ ला ४ ने गुणा, १६. मग २५६, मग ६५,५३६. या प्रत्येकीत १ मिळवला, की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः, एवढ्यांनीच त्यांना भाग जातो. फ्रान्समधील तुलूझचा न्यायाधिकारी फर्मा हा मोठा गणिती. याच रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे त्याने १६४० मध्ये पत्रातून कळवले. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने लपवले नाही.

आता सहावी संख्या पाहा : ४ अब्ज, २९ कोटी, ४९ लक्ष, ६७ हजार, २९७. शेवटी ७ आहे, तेव्हा २ ने वा ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नेही नाही. असे एकेक मूळ संख्येने पाहत गेलो, तर साडेसहा हजार भागाकार करावे लागतील. कोण करणार?

ते कोडे १७३२ साली ऑयलरने सोडवले. तेव्हा तो रशियात सेंट पीटर्सबर्गला होता. वय अवघे पंचवीस. त्यामागची युक्ती त्याने पुढे सिद्ध करून दाखवली. या संख्येला भागणाऱ्या मूळ संख्येला ६४ ने भागले, तर बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या थोड्याच : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचवीने बरोबर जातो! भागाकार येतो ६७,००,४१७.

गुरुजींनो, हे माझ्या शब्दावर सोडू नका. मुलांना पाटी घेऊन बसवा. ६७,००,४१७ ला ६०० ने गुणा : ४,०२,०२,५०,२००. ४० ने गुणा : २६,८०,१६,६८०. त्यांत मूळची ६७,००,४१७ मिळवा. बेरीज ४,२९,४९,६७,२९७. चौथीच्या गुणाकाराने एवढ्या थोर गणित्याचा अंदाज खोटा ठरतो!

यात फर्माची थोरवी उणी होत नाही. पण पाच दाखले जुळले म्हणून नियम सिद्ध झाला नाही, आणि एक दाखला चुकताच तो मोडला. गंमत अशी, की या रीतीने ६५,५३७ च्या पुढे एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. मात्र पुढे ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

तेव्हा वर्गातला एखादा पोर ‘गुरुजी, हे कशावरून?’ असे विचारू लागला, तर त्याला खाली बसवू नका. त्याला फळ्याजवळ बोलवा.