करवती काठ आणि ऊर्जानगर



दोन शब्द बोलण्याची आपली आज्ञा शिरसावंद्य मानून, कारखान्यांच्या या परिसरात आपल्या विणकर ज्ञातीची कला कशी टिकेल, याविषयीचे विचार आम्ही आपणापुढे मांडीत आहोत.

चांद्याच्या भूमीतून कोळसा निघतो, तर या बाजूच्या रानातून कोसा येतो. ऐन व अर्जुन यांच्या पानांवर किडे वाढवून धीवर बंधू कोसे मिळवितात. त्या सुताच्या लुगड्यास पूर्वजांनी करवती काठ दिला. करवत हे सुताराचे हत्यार. तिचे दाते काठावर उमटविण्यासाठी दोन काठांचे दोन व अंगाचा एक, असे तीन धोटे चालवावे लागतात आणि काठाचा व अंगाचा धागा एकमेकांत गुंतवावा लागतो. या वस्त्रास आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे. रुईफुलाचा काठ रानातून आला, रुद्राक्षाचा देवघरातून आणि करवतीचा कामाच्या जागेतून, हे आपण ध्यानी घ्यावे.

१९८३ साली येथील वीज केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. या केंद्राने व खाणींनी आपल्या कित्येक घरांस अन्न दिले, मुलांस शिक्षण दिले. त्याबद्दल कृतज्ञता हवीच. परंतु त्याच काळात माग माळ्यावर गेले, हेही खरे.

शाळेत ‘आपले गाव’ काढावयास सांगितले की मुले प्रथम उंच धुराडी काढीत, मग डमरूच्या आकाराचे मनोरे, आणि उरल्या जागेत एखादे झाड. मुलांचे गाव हेच आहे. मग ती धुराडी, तो डमरू, कोळशाचे काळे थर कोशाच्या मधाळ रंगावर का उमटू नयेत?

कोणी म्हणेल, ज्या धुराने व राखेने अंगणे काळवंडली, ती मंगलवस्त्रावर कशाला? आक्षेप रास्त आहे. पण करवतही झाड कापतेच. पूर्वजांनी तिची स्तुती केली नाही. डोळ्यांसमोरचे काम काठावर नोंदविले, एवढेच.

मात्र नक्षी कागदावर काढून भागणार नाही. तीन धोट्यांची गुंफण पुस्तकातून येत नाही. ती एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते, आणि असे जाणते हात आता थोडे उरले आहेत. म्हणून आमची विनंती अशी की, ज्यांच्या पेटीत आजीचे करवती लुगडे असेल, त्यांनी ते कार्यालयात आणावे. मुलामुलींनी त्याचा काठ चौकटीच्या कागदावर उतरवावा. आणि मंडळाने निदान एक माग उभारून एका जाणत्या विणकरास मानधन देऊन बसवावे. जुना काठ हातात आला, तर नवा काठ मुले आपणच काढतील.