पुस्तकाआधी वाचक



चित्रकादंबरी हा शब्द ऐकून कुणाला लहान मुलांच्या चित्रमासिकाची आठवण झाली, तर तो दोष श्रोत्यांचा नव्हे. चित्रे आणि बालपण यांची गाठ आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की, प्रौढांसाठी दीडदोनशे पानांची कथा चौकटीचौकटीने रेखाटता येते, हे पुष्कळांना अजून खरे वाटत नाही. त्या कलेच्या गुणदोषांत आज आम्ही शिरणार नाही. आमच्यापुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे. अशी कादंबरी चित्रकाराने लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन स्वतःच प्रसिद्ध करावी काय? करावी, असेच आमचे मत आहे. मात्र वर्गणी जमणे हा त्यातला सोपा भाग आहे, हे आधी ओळखून करावी.

प्रकाशक असताना हा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. १९३८ साली अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी आपल्या सुपरमॅनचे हक्क प्रकाशकाला १३० डॉलरांना लिहून दिले. त्या पात्रावर पुढे केवढी दौलत उभी राहिली ते आपण जाणताच. जन्मदात्यांच्या वाट्याला मात्र कोर्टकचेऱ्या आल्या. ही कथा त्या धंद्यातल्या माणसांना पाठ असते. उलट कॅनडातील डेव्ह सिम याने १९७७ मध्ये ‘सेरेबस’ ही चित्रमालिका स्वतः काढण्यास आरंभ केला आणि २००४ पर्यंत तिचे ३०० अंक पुरे केले. हक्क हातचा गेला नाही. परंतु छापखान्याचे बिल विक्रीची वाट पाहत नाही, आणि अडचण नेमकी तेथे आहे.

या अडचणीवरचा उपायही जुनाच आहे. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने ‘इलियड’चे भाषांतर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत काढले, ते आगाऊ वर्गणीदारांच्या जोरावर; त्या पाचशेंहून अधिक वर्गणीदारांची यादी ग्रंथातच छापली होती. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मंडळी काढली, तिचे भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळवले आणि १९२० नंतरच्या दशकात २३ खंड महाराष्ट्राच्या हाती दिले. कोशाइतकीच त्याच्या भांडवलाची हकीकत वाचनीय आहे. ज्यांना लोकवर्गणी ही अमेरिकेतून आलेली नवलाई वाटते, त्यांनी ती अवश्य वाचावी.

अमेरिकेतून आली ती यंत्रणा. २००९ साली किकस्टार्टर ही संस्था इंटरनेटवर सुरू झाली. तिचा एक नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. चित्रकाराने रक्कम आणि मुदत आधी जाहीर करावयाची. मुदतीत रक्कम पुरी झाली तरच लोकांचे पैसे घेतले जातात, एरवी एक पैसाही कापला जात नाही. अर्ध्या पैशांत अर्धे पुस्तक निघत नाही, हे त्या नियमाने ओळखले आहे. यशस्वी झालेल्या वर्गणीतून संस्था शेकडा ५ घेते, शिवाय पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा.

आता रिच बर्ल्यू याचे उदाहरण पाहा. काड्यांसारख्या हातापायांची माणसे काढून त्याने ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही लांबलचक कथा इंटरनेटवर चालवली होती. तिचा एक जुना खंड पुन्हा छापण्यासाठी त्याने २०१२ च्या आरंभी ५७,७५० डॉलर मागितले. जमले १२,५४,१२०! देणारे होते १४,९५२. रक्कम चढत गेली तसतशी त्याने आणखी पुस्तके, आणखी कथा, आणखी चित्रे देऊ केली. त्याच वर्षी सप्टेंबरात काचेने त्याच्या हाताला गंभीर जखम झाली आणि काही महिने चित्र काढणे बंद पडले. पुस्तके निघाली, पण कबूल केलेल्या सगळ्या गोष्टी पुऱ्या करण्यास कित्येक वर्षे लागली. बारा लाख डॉलर हे बक्षीस नव्हते. पंधरा हजार लोकांचे देणे होते, आणि ते फेडावयाचे होते एकाच माणसाच्या हाताने.

दुसऱ्या एका व्यंगचित्रकाराची हकीकत याहून कष्टी करणारी आहे. मागितल्याच्या कितीतरी पट रक्कम जमली, पुस्तक छापून झाले, पुष्कळ प्रती पोहोचल्याही. परंतु उरलेल्या पाठवण्यास पैसे राहिले नाहीत. वाचकांचे तगादे सुरू झाले, तेव्हा २०१४ मध्ये त्याने शंभरावर प्रती जाळून टाकल्या! पुस्तके छापून तयार असताना टपालखर्चाने हा अनर्थ घडवला.

म्हणून थोडा हिशेब मांडतो. आकडे आमच्या कल्पनेतले आहेत, पण चाल खरी आहे. १६० पानांचे रंगीत पुस्तक, १,००० वर्गणीदार, प्रत्येकी ५०० रुपये. म्हणजे जमले ५ लाख. संस्थेचे आणि पैसे वळते करण्याचे मिळून शेकडा ८ धरले तर ४० हजार गेले. छपाई प्रतीमागे २५० म्हणजे अडीच लाख. वेष्टन आणि टपाल प्रतीमागे ११० म्हणजे १ लाख १० हजार. शिल्लक एक लाख. चित्रकाराला एका पानास दोन दिवस लागले तर ३२० दिवस झाले, म्हणजे रोजी पडली सव्वातीनशेच्याही आत. गवंड्याच्या हाताखालचा माणूस याहून अधिक मिळवतो. त्यातच उत्साहाच्या भरात दोनशे जणांना हाताने काढलेले एकेक चित्र देऊ केले, आणि एकेकाला तास लागला, तर आणखी पंचवीस दिवस फुकट गेले.

हा हिशेब पाहून कुणी वर्गणीचा नाद सोडावा असे आम्ही म्हणत नाही. चित्रकाराने तो मागण्याआधी करावा, स्वतःची रोजी खर्चातच धरावी, आणि भेटींचा मोह आवरावा, एवढेच म्हणतो. शेजारच्या तरुणाने कादंबरीसाठी वर्गणी मागितली, तर आपणही संकोच न करता विचारावे : पाने किती काढून झाली? छापखान्याचा लेखी दर आणला काय? पार्सलाचे वजन करून पाहिले काय? नीट उत्तरे मिळाली तर पैसे द्यावेत, आणि पुस्तक सांगितल्या तारखेपेक्षा चार महिने उशिरा येईल असे धरून चालावे.