गारपिटीच्या तडाख्यातून बाग कशी सावराल?

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात झालेले भाषण)

शिमगा सरला की आपल्याकडं उन्हं चढू लागतात. द्राक्षाचे घड उतरायला आलेले असतात, डाळिंबाचा आंबे बहार धरलेला असतो, कांदा काढणीला येतो, आंब्याला कैरी लागते. म्हणजे वर्षभराच्या कष्टाचा पैसा अजून झाडावर नाहीतर रानातच असतो. आणि नेमक्या याच दिवसांत दुपारनंतर आभाळ काळंभोर होतं, वारं सुटतं, आणि अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं होऊन जातं.

२०१४ साल आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात ठिकठिकाणी गारांनी झोडपलं. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्ष, डाळिंब, काही म्हणता काही सुटलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात वेगळीच तऱ्हा झाली. पाऊस इतका लवकर आणि इतका जोराचा आला की बारामती, दौंड, इंदापूरसारख्या एरवी पावसाची वाट पाहणाऱ्या भागात शेतांची तळी झाली. तेव्हा वळीव म्हणजे दोन सरी आणि मातीचा वास, एवढंच धरून चालायचे दिवस आता राहिले नाहीत. तडाखा बसेल असं धरूनच बागायतदारानं तयारीत असावं.

आधी जीव, मग बाग

विजेपासून सुरुवात करतो. ढगाचा गडगडाट ऐकू आला याचा अर्थ वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. अशा वेळी द्राक्षाच्या मांडवाखाली थांबू नका. मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल एकमेकांना जोडलेले असतात. वीज एका टोकाला पडली तरी तारेतून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. आंब्याखाली, चिंचेखाली आडोसा घेणं तर त्याहून वाईट. पक्क्या घरात जावं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गेल्याशिवाय बाहेर पडू नये. बेदाण्याच्या शेडवरचा कागद उडतोय, कांद्यावरची ताडपत्री निघालीय, म्हणून भर विजेत धावणारी माणसं दरवर्षी जीव गमावतात. कागद दुसरा मिळतो.

पाऊस थांबल्यावर रानात जाताना तुटून पडलेल्या विजेच्या तारा बघा. विहिरीवरची स्टार्टरची पेटी भिजली असेल, तर वायरमननं तपासल्याखेरीज बटणाला हात लावू नका. घरातल्या पोरांनाही हे बजावून ठेवा.

पहिलं काम पाणी काढण्याचं

झाडाच्या मुळाला पाणी लागतं तशी हवाही लागते. जमिनीत पाणी साचलं की मातीतल्या पोकळ्या भरून जातात आणि मुळं गुदमरतात. वर आभाळातून धो धो पाणी पडलेलं असूनही झाड सुकल्यासारखं दिसतं, ते यामुळेच. असं झाड पाहून काही जण आणखी पाणी सोडतात. तसं कदापि करू नका.

पपईच्या बुडाशी दोन दिवस पाणी थांबलं तर बुंधा सडायला लागतो आणि बाग हातची जाते. डाळिंबालाही पाय ओले चालत नाहीत. पेरू, चिकू, नारळ त्या मानानं सोशिक. म्हणून मनुष्यबळ कमी असेल, तर पाणी काढायला आधी पपई आणि डाळिंबात शिरा. दोन ओळींच्या मधून उताराच्या दिशेनं दीड ते दोन फूट खोल चर काढा आणि तो बांधाबाहेरच्या ओघळीला नेऊन मिळवा. मात्र आपलं पाणी शेजाऱ्याच्या वावरात सोडून नवा तंटा उभा करू नका. दोघांनी मिळून एकच चर काढला तर दोघांचीही बाग वाचते.

पाणी निघालं तरी काळ्या रानात लगेच ट्रॅक्टर घालू नका. ओल्या मातीवर चाक फिरलं की ती विटेसारखी दडपते. वाफसा यायला हवा. चार-सहा इंच खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा जमिनीवर पडून भुगा झाला तर वाफसा आला. तो तसाच राहिला तर अजून दम धरा. वाफसा आल्यावर झाडाभोवती हलकी खुरपणी करून वरची पापडी फोडा.

जखमेची मलमपट्टी

गार लागली की पान फाटतं, साल सोलते, फळाला खड्डा पडतो. या उघड्या जखमांतून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. म्हणून गारपिटीनंतर शक्य तितक्या लवकर, म्हणजे पाऊस उघडताच दुसऱ्या दिवशीपर्यंत, ताम्रयुक्त औषधाची एक फवारणी व्हायला हवी.

बोर्डो मिश्रण आपलं जुनं आणि खात्रीचं औषध आहे. एक टक्क्याचं मिश्रण करायला १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात १ किलो कळीचा चुना विरवून, गाळून ५० लिटर पाणी करा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची नको. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी दांड्यानं ढवळत राहा. झालेल्या मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजा आणि चुन्याची निवळी थोडी वाढवा. हे मिश्रण त्याच दिवशी संपवावं. कोवळी पालवी असेल तर अर्ध्या टक्क्याचंच मारा, नाहीतर पान करपतं. मिश्रण करणं जमत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम घेऊन फवारा.

सोललेल्या खोडाला आणि जाड फांद्यांना बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी, हे त्याचं प्रमाण. मोडलेली फांदी लोंबकळत ठेवू नका. धारदार कात्रीनं जखमेच्या खाली, जिवंत लाकडावर स्वच्छ काप घ्या आणि कापावर मलम लावा.

पिकापिकाची गोष्ट

द्राक्षात घड असताना गार पडली, तर फुटलेले मणी वाचत नाहीत. जखमी मणी आंबतो आणि त्याचा रस शेजारच्या चांगल्या मण्यावर गळतो. म्हणून फुटके मणी, फार नासलेले घड लगेच कात्रीनं काढा आणि बागेबाहेर नेऊन पुरा. काढणीला आलेल्या घडांवर बोर्डो मारू नका, निळे डाग पडतात. दुसरं कोणतंही औषध घेताना डब्यावर लिहिलेले थांबण्याचे दिवस मोजा. एक दिलासा मात्र आहे. मार्चमध्ये काडीला झालेली जखम एप्रिलच्या खरड छाटणीत बहुतेक निघून जाते, कारण आपण काडी एका डोळ्यावर आणतो. लक्ष द्यायचं ते ओलांड्याकडं आणि खोडाकडं. ती जखम वेलीच्या अंगावर वर्षानुवर्षं राहते. खरड छाटणीनंतर, मे महिन्यात गार पडली तर गोष्ट वेगळी. त्या नव्या काडीतच पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. काड्या मोडल्या असतील तर पुन्हा छाटायचं की बगलफुटी वाढवायच्या, हे जाणकाराला बाग दाखवूनच ठरवा.

डाळिंबात खरी भीती तेल्याची. पावसाचे शिंतोडे आणि गारेच्या जखमा मिळाल्या की तो झपाट्यानं पसरतो. खाली पडलेली फळं, पानं गोळा करून जाळा किंवा खोल खड्ड्यात पुरा. ओढ्यात टाकू नका, ती खालच्या माणसाच्या बागेत जातात. छाटणी करताना प्रत्येक झाडानंतर कात्री जंतुनाशकात बुडवा.

केळी मधेच मोडली आणि घड भरलेला नसला, तर ते झाड कापून टाका आणि बुडाशी एकच जोमदार मुनवा राखा. पानं नुसती चिरली असतील तर झाडाला हात लावू नका, नवं पान येतं. कांद्याला गारेचा मार बसला असेल किंवा काढलेला कांदा भिजला असेल, तर तो ढिगाला लावू नका. सावलीत पातळ पसरून सुकवा. मार लागलेला कांदा चाळीत घालू नका, एक सडका कांदा भोवतालचे दहा नासवतो. तो निवडून आधी विकून टाका. टोमॅटो, मिरची, वांगी यांचे शेंडे मोडले असतील तर आठ-दहा दिवस वाट पाहा, खालच्या डोळ्यांतून फूट येते.

नुकतीच कललेली दोन-तीन वर्षांची झाडं माती ओली आहे तोवरच उभी करा. फांद्यांचा तिसरा हिस्सा कमी करा, उघडी मुळं मातीनं झाका, बांबूचा आधार द्या आणि सुतळीनं सैल बांधा.

खताची घाई नको. गुदमरलेल्या मुळाला युरिया पचत नाही. वाफसा आल्यावर, पानं शिल्लक असतील तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम घेऊन फवारा. जमिनीतून खत नवी पांढरी मुळी दिसल्यावर, थोडं थोडं द्या.

परसबागेसाठी

भगिनींनो, तुमच्या परसबागेत गटाराचं पाणी शिरलं असेल, तर उभी मेथी, कोथिंबीर, पालक कच्ची खाऊ नका. ती उपटून खतखड्ड्यात टाका. वाफसा येताच पुन्हा पेरा, महिना-दीड महिन्यात भाजी ताटात येते. आडाचं पाणी टीसीएल पावडर टाकून शुद्ध केल्याखेरीज पिऊ नका. शेवगा फार ठिसूळ, तो मोडला असेल तर तीन-चार फुटांवर कापा, जोमानं फुटेल. पडलेल्या कैऱ्या त्याच दिवशी वेचून लोणच्याला, आमचुराला लावा. मार लागलेली कैरी अढीत घालू नका.

कागदाचं काम

सफाई करण्याआधी नुकसानीचे फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा. विमा असेल तर पॉलिसीत दिलेल्या मुदतीच्या आत कळवा. उशीर झाला की हक्क बुडतो. पंचनाम्याच्या वेळी स्वतः शेतात हजर राहा. २०१५ पासून सरकारी मदतीसाठी नुकसानीची मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली आहे, तेव्हा आपलं नुकसान निम्मं नाही म्हणून गप्प बसू नका. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आहे ना, हे मात्र हंगामाच्या सुरुवातीलाच पाहून ठेवावं.

कुऱ्हाड उचलण्याआधी

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठं लावायचं, असं आपण म्हणतो. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी बागेत पाऊल टाकलं की मन तसंच होतं. पानांचा खच, उघडी खोडं, डोक्यावर कर्ज. त्या रागात आणि दुःखात बाग तोडून टाकावीशी वाटते. पण त्या दिवशी निर्णय घेऊ नका. फांदीची साल नखानं हलकेच खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तीन आठवडे थांबा. पाणी काढून, जखम झाकून दिलेली बाग डोळे फोडू लागली की मग काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवा. आज गेलं ते एका वर्षाचं पीक आहे. झाड तोडलं तर पुढच्या दहा वर्षांचं पीक जातं.

कर्जाचे हप्ते पुढं ढकलता येतात का, हे बँकेत किंवा सोसायटीत जाऊन विचारा. घरात मनातलं बोला. आणि ज्याची बाग आपल्याहून जास्त झोडपली असेल, त्याच्याकडं आवर्जून जा. दोन माणसं, एक कात्री आणि एक फवारणी पंप घेऊन गेलात तर फारच चांगलं. अशा वेळी माणूस एकटा पडता कामा नये.

पुढच्या वर्षाचं काम आताच डोळ्यांसमोर आहे. पाणी कुठं तुंबलं त्या जागी खुंटी ठोकून ठेवा, पावसाळ्याआधी तिथं कायमचा चर काढा. ज्या बाजूनं वारं घुसलं तिकडं शेवरी, बांबू किंवा सुरूची ओळ लावा. मांडवाचे ताण तपासा. आणि मार्च ते मे या दिवसांत हवामानाचा अंदाज रोज ऐका. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीला लागा, लाल म्हणजे ताबडतोब कामाला लागा. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला आणि डाळिंबासाठी सोलापूरला संशोधन केंद्रं आहेत. शंका असेल तर तिथं किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जरूर विचारा.

गार थांबवणं आपल्या हातात नाही. गारेनंतरचे पहिले दोन दिवस मात्र आपल्या हातात आहेत. ते वाया जाऊ देऊ नका.