शाळेनं लावलेली पुस्तकं आणि आम्ही लपवून वाचलेली

मैत्रिणींनो, दुपारची जेवणं आटोपून, भांडी पालथी घालून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही चौदा जणी तुमच्याशी बोलतोय. माइकसमोर आवाज एकीचाच आहे, पण कागद सगळ्यांनी मिळून लिहिलाय आणि लिहिताना भांडणंही भरपूर झालीत.

आमचा बचत गट दर गुरुवारी दुपारी बसतो. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले, की तास-दीड तास उरतो. पूर्वी तो गप्पांत जायचा. आता गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयातून एक पुस्तक आणायचं, एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी शेंगा फोडत ऐकायचं, असं चाललंय. पहिल्या दिवशी आमच्या अंगणवाडीताईंनी विचारलं, "लहानपणी कुठलं पुस्तक आवडायचं गं तुम्हाला?" सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि शाळेत लावलेलं कुठलं आवडायचं?" तेव्हा नुसता शेंगा फोडल्याचा आवाज येत राहिला.

आवडीच्या यादीत पहिला नंबर 'चांदोबा'चा. खांद्यावर वेताळ घेऊन निघालेला विक्रम राजा आम्हाला घरच्या माणसासारखा ओळखीचा होता. हे मासिक मद्रासहून निघायचं, १९४७ साली ते आधी तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं आणि आपल्याकडे मागाहून आलं, हे आम्हाला परवा कळलं. चित्रांतल्या बायका नेसायच्या वेगळ्या, देवळांची शिखरं वेगळी. पण त्याचं कोडं कधी पडलं नाही. गोष्टीतलं गाव असंच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसरा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात शिकणारा, सायकलवर टांग टाकून चोरांच्या मागे लागणारा. आमच्यातल्या तिघींच्या घरी सायकल होती, पण ती भावांची. पुस्तकात मात्र आम्हीच ती चालवत होतो. एकही मुलगी तशी सायकल मारत सुटलेली आम्हाला वाचायला मिळाली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

आणि पुडीचा कागद! वाण्याकडून साखर, चहा, शेंगदाणे ज्या कागदात यायचे तो उलगडून वाचायचा. अर्धी गोष्ट, अर्धी जाहिरात, मधेच फाटलेलं. आमच्यातल्या एकीला अजून एका गोष्टीचा शेवट माहीत नाही. विहिरीवर गेलेली ती बाई परत आली की नाही, असं ती चाळीस वर्षांनी आम्हालाच विचारते.

'किशोर' मासिकाची गंमत वेगळीच. शाळेत एकच अंक यायचा आणि त्यासाठी झोंबाझोंबी व्हायची. हा 'किशोर' १९७१ सालापासून बालभारती काढते. म्हणजे ज्या पाठ्यपुस्तकांना आम्ही खाकी कव्हर घालून वर्षभर कंटाळायचो, त्यांचं आणि 'किशोर'चं घर एकच! एकाच स्वयंपाकघरातून दोन ताटं यायची. एकावर आम्ही तुटून पडायचो आणि दुसरं सरकवून ठेवायचो. मग दोष अन्नाचा म्हणायचा की वाढणाऱ्याचा? यावर आमचे दोन गुरुवार गेले. ('किशोर'चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. नातवंडांच्या हातात मोबाइल असतोच, तर हे उघडून द्या.)

आता नावडत्यांकडे येऊ. सगळ्यांत जास्त मतं पडली मोरोपंतांच्या 'केकावली'ला. केका म्हणजे मोराचा टाहो. मोर जसा ढगाला हाक मारतो, तशा या कवीनं देवाला मारलेल्या हाका. इतकं सोपं सांगितलं असतं तरी आम्ही कान टवकारले असते. पण आमच्या वाट्याला आलं ते पृथ्वी वृत्त. ओळीत सतरा अक्षरं, गण ज-स-ज-स-य, शेवटी लघु-गुरू. डोक्यावर लघु-गुरूच्या खुणा करता करता मोर कुठं उडून गेला ते कळलंच नाही. आणि एक सांगतो, रोज सकाळी परिपाठाला हात जोडून आम्ही जी सुसंगतीची प्रार्थना म्हणायचो, ती याच 'केकावली'तली! चालीवर, डोळे मिटून, सगळी पाठ. प्रार्थनेत ती आवडायची आणि मराठीच्या तासाला नावडायची. दोन्ही एकच, हे सांगायला कुणाला सवड झाली नाही.

या सगळ्याला आमच्यात एक जण हसली नाही. तिचं नाव इथं घ्यायचं नाही असं तिनंच सांगितलंय, पण गोष्ट सांगा म्हणाली. दहावीला ती गणितात पास झाली, विज्ञानात पास झाली आणि मराठीत चार गुणांनी गेली. आईबरोबर जात्यावर बसून शंभरावर ओव्या जिला पाठ होत्या, ती पोरगी मराठीत नापास. संदर्भासह स्पष्टीकरणात संदर्भ चुकला, वृत्त चुकलं, आणि रसग्रहणात तिनं मनाचं काहीतरी लिहिलं. ऑक्टोबरची वारी करते म्हणाली होती. घरी ठरलं, कशाला आता; आषाढ लागायच्या आत लग्न उरकलं. "मला त्या कवींचा राग येत नाही," ती म्हणते. "मला वाटायचं, आपल्याला आपली भाषाच येत नाही. सासरी चिठ्ठी लिहायला सांगितलं तरी हात थरथरायचा."

तिच्यासाठी म्हणून आम्ही ठरवलं, शाळेतली दोन नावडती पुस्तकं पुन्हा वाचायची. प्रश्नोत्तरं नाहीत, थोडक्यात उत्तरं नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत.

पहिलं घेतलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यातला दोन-अडीच पानांचा तुकडा होता आणि खाली प्रश्न होता, लेखिकेच्या स्वभावाची वैशिष्ट्ये सांगा. आम्ही सोशिक, प्रेमळ, विनोदी असे तीन शब्द लिहायचो, तीन गुण घ्यायचो. विनोदी असं लिहिलं खरं, पण हसलं कुणी नव्हतं. आता हसलो. आधी जरा बिचकत, मग शेंगांची टोपली लवंडेपर्यंत. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते सोवळं! घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही. आणि हसता हसता मधेच कळतं की हे वेड आलं कुठून. १८५७च्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, इंग्रजांनी फाशी दिलं, आणि त्या धक्क्यानंतर जावयाचं डोकं सोवळ्यात अडकलं. वाचणारी थांबली. आम्हीही थांबलो. अडीच पानांच्या तुकड्यात हे कुठून मावणार?

पुढं नवरा धर्म बदलतो, ही बाई पोराला घेऊन वेगळी राहते, सगळ्या गोतावळ्याची बोलणी खाते, आणि काही वर्षांनी स्वतःच्या विचारानं त्याच्याकडे जाते. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतरची. नवऱ्याचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं, त्याचे उरलेले बहुतेक अध्याय पुढं याच बाईंनी लिहिले. हे ऐकल्यावर आमची ती मैत्रीण म्हणाली, "हिला दहावीला बसवलं असतं, तर हीपण नापास झाली असती." यावर टाळ्या पडल्या. पण ती टाळ्यांसाठी बोलली नव्हती. पुढच्या गुरुवारी तिनं विचारलं, "आज मी वाचू का?" आणि वाचलं. बोट ठेवून, हळूहळू, दोन पानं. कुणी एक शब्द दुरुस्त केला नाही.

दुसरं पुस्तक 'श्यामची आई'. इथं मात्र आमचं एकमत झालेलं नाही आणि होईलसं दिसत नाही. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. लहानपणी आमच्यापैकी निम्म्याजणी त्यावर रडल्या होत्या, आणि निम्म्याजणींना ते बक्षीस म्हणून मिळालं तेव्हा हिरमोड झाला होता. आता आम्ही आया आहोत, काही आज्या आहोत, त्यामुळे ते वेगळंच वाचलं गेलं.

अंघोळ झाल्यावर श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई नेसत्या लुगड्याचे ओचे दगडावर पसरते, आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं सांगते. हा प्रसंग तुम्हालाही आठवत असेल. शाळेत याचं तात्पर्य लिहायचं. आमच्यातली एक फटकन म्हणाली, "आणि ते ओलं लुगडं? ती तशीच चुलीपुढं बसली असणार ना? ते कुणी लिहिलंय?" झालं, भांडण पेटलं. एक गट म्हणाला, हे पुस्तक आपल्या बोकांडी बसलंय. आई म्हणजे अशी झिजलेली, कर्जात बुडालेली, तरी न कुरकुरणारी. आणि पोरं आपल्याला त्या मापानं मोजतात. दुसरा गट म्हणाला, नीट वाचा. ती मुलाला पोहायला जात नाही म्हणून फोकानं मारते, सावकाराच्या माणसापुढं गप्प बसत नाही. ही देव्हाऱ्यातली बाई नाही, शाळेनं तिला देव्हाऱ्यात बसवलंय.

आमचं स्वतःचं मत विचाराल, म्हणजे कागद लिहायला बसलेल्या आम्हा चौघींचं, तर दोन्ही गटांचं थोडं थोडं खरं आहे. पुस्तक एका मुलानं आईच्या आठवणीनं व्याकूळ होऊन लिहिलंय. व्याकूळ मुलाला ओलं लुगडं दिसत नाही, ओचे दिसतात. ते लुगडं बघायचं काम आपलं. पण वर्गात 'तात्पर्य लिहा' म्हटलं की बघायला जागाच उरत नाही. आणि हो, 'केकावली' आम्ही परत चाळली, मोर आता समजला, तरी ती आम्हाला आवडली नाही. पुष्कळांना आवडते, त्यांनी जरूर वाचावी. आम्हाला नाही आवडत, एवढं म्हणायला आम्हाला पन्नाशी गाठावी लागली.

हे सगळं बोलायचं कारण एकीच्या घरी घडलं. तिची मुलगी यंदा दहावीला. पुस्तक आपटून म्हणाली, "हा धडा किती बोअर आहे!" आणि ही आमची शहाणी, दर गुरुवारी वाचायला बसणारी, ताडकन म्हणाली, "बोअर काय? पाठ कर गप. गुण कोण देणार?" रात्री तिला झोप लागली नाही. गुरुवारी येऊन सांगितलं. आम्ही तिला हसलो नाही, कारण आपापल्या घरात आम्हीही हेच म्हणतो. गुणांवर पोरीची पुढची अ‍ॅडमिशन आहे, आणि चार गुणांनी काय होतं ते आमच्यातच बसलेलं आहे. पाठ करू नको, असं सांगायची हिंमत एकीलाही झाली नाही.

मग त्या नापास मैत्रिणीनंच तोड काढली. तिनं यंदा दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. नातू पहिलीत आणि आजी दहावीत! संध्याकाळी ती त्या मुलीकडे वही घेऊन जाते. मुलगी तिला समास आणि वृत्तं शिकवते, आणि ही तिला धडा आधी गोष्टीसारखा मोठ्यानं वाचून दाखवते, कुठला प्रश्न येईल ते न सांगता. ओसरीवर दोघींचा वाद चालतो. परवा मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही रसग्रहणात परत मनाचंच लिहिलंय." आजी म्हणाली, "या वेळी दोन्ही लिहिणार. आधी गाइडातलं, मग जागा उरली तर माझं."

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता 'स्मृतिचित्रे'चा पुढचा भाग वाचायचाय. जवळपास असाल तर या. शेंगा आणायची पाळी सरपंचबाईंची आहे, टोपली मात्र आपापली आणा. आणि विहिरीवर गेलेल्या बाईची ती गोष्ट कुणी पुरी वाचली असेल, तर केंद्रावर फोन करून तेवढा शेवट कळवा. नमस्कार.