पडवीतली जागा

(संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त ग्रामसंघाच्या बैठकीत एका सीआरपी ताईंनी केलेले भाषण)



काल रात्री आपण शाळेच्या पडद्यावर ‘देवकीनंदन गोपाला’ बघितला. राजदत्तांनी 1977 साली काढलेला हा सिनेमा. गाडगेबाबा झालेत डॉ. श्रीराम लागू. डॉक्टर स्वतः देव न मानणारे, आणि बाबाही सांगत होते की देव दगडात शोधू नका. म्हणून ती जोडी जमली असेल, असं मला वाटतं.

बाबांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. 1876 साली अमरावती जिल्ह्यात जन्म. शाळा नाही, अक्षर ओळख नाही. गावात आले की आधी खराटा हातात, रात्री कीर्तन. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःवर खर्च केला नाही. त्यातून पंढरपूर, देहू, आळंदी आणि आपल्या नाशिकला धर्मशाळा उभ्या राहिल्या. मंदिर बांधलं असतं तर नाव जास्त झालं असतं. पण त्यांनी विचार केला, दर्शनाला आलेला गरीब माणूस रात्री पाठ टेकणार कुठं? मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही बाहेरगावचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. 20 डिसेंबर 1956 ला बाबा गेले, तेही प्रवासात, अमरावतीजवळ. ऐन थंडीचे दिवस.

आता माझं ऐका. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

मागच्या वर्षी याच दिवसांत आमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. सुरगाण्याकडून मजूर आले होते. दिवसभर वाफ्यात वाकून रोपं लावायची आणि रात्री बांधावर प्लास्टिकच्या कागदाखाली झोपायचं. एका रात्री एक बाई तान्हं लेकरू घेऊन दारात आली. म्हणाली, “ताई, पडवीत झोपू द्या, पोराला खोकला झालाय.” मी म्हटलं, “घरात पाहुणे आहेत, उद्या बघू.” पाहुणे कुणीच नव्हते. नवऱ्याला काय वाटंल, शेजारीण काय म्हणंल, एवढंच डोक्यात होतं.

पहाटे उठून बघते तर ती उसाचं पाचट पेटवून शेकत बसलेली, लेकरू पोटाशी. पोराला काही झालं नाही, देवाची कृपा. पण माझी पडवी रात्रभर रिकामी होती, हे मला अजून विसरता येत नाही. आणि दिवस उजाडल्यावर तीच बाई माझ्याच वाफ्यात रोपं लावत होती!

शहरातल्या बेघरांसाठी सुप्रीम कोर्टाने रात्र निवारे करायला लावलेत, लाखाच्या वस्तीला एक असा हिशोब. बांधावर झोपणारा मजूर त्या हिशोबात बसत नाही. तो आपल्याच हिशोबात बसवावा लागंल.

सप्तशृंगीच्या यात्रेला खानदेशातून पायी माणसं येतात, तेव्हा आपण वाटेवर पाणी देतो, चहा देतो, ओसरी मोकळी करतो. मग कांदा लावायला आलेली बाई पाहुणी नाही का?

म्हणून तीन गोष्टी ठरवू या. पहिली, लागवड संपेपर्यंत समाजमंदिराची खोली मजुरांच्या बायका-पोरांना रात्री मिळावी, असं पत्र ग्रामसंघाने आजच ग्रामपंचायतीला द्यावं. दुसरी, प्रत्येक गटाने दोन गोधड्या द्याव्यात. फाटक्या नको, आपण पांघरतो तशा. तिसरी, लेकराला खोकला-ताप असेल तर आशाताईला त्याच दिवशी कळवायचं, उद्यावर टाकायचं नाही.

ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदन कोण देतं, हात वर करा.

खोली मिळेपर्यंत माझी पडवी मोकळी आहे. झाडून ठेवलीय.